मेन्लो पार्कचे थॉमस एडिसन केंद्र

न्यू जर्सीतील एडिसन टाउनशिपमध्ये राहणारी मराठी कुटुंबे ओक ट्री रोडवर किराण्यासाठी नेहमी जातात. त्यांनी ख्रिस्टी स्ट्रीटवरील हे संग्रहालयही मुलांना घेऊन आवर्जून पाहावे. १८७६ साली थॉमस एडिसन यांनी येथे प्रयोगशाळा थाटली आणि १८७७ मध्ये फोनोग्राफ, तर १८७९ मध्ये व्यवहारात टिकणारा विजेचा दिवा येथेच साकारला. प्रयोगशाळेची पुनर्रचना हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे केली असल्याने, भव्य दालनांच्या अपेक्षेने येणाऱ्यांना ही जागा तोकडी वाटेल. मला मात्र आवारातील काँक्रीटचा स्मृतिमनोरा फार भावला. १९३८ साली लोकार्पण झालेल्या या मनोऱ्याच्या माथ्यावर तेरा फुटांहून उंच काचेचा दिवा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर केल्यावरच त्याच्या आकाराचा खरा अंदाज येतो.

१८७० मध्ये स्थापन झालेल्या या गावाचे नाव मुळात रॅरिटन टाउनशिप होते. १९५४ साली नागरिकांनी मतदान करून एडिसन हे नाव स्वीकारले. मुलांना मनोरा दाखवताना ही हकीकतही जरूर सांगावी. संग्रहालय रोज उघडे नसते, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावे.