दहा बाय दहाच्या खोलीत रेल्वे बसवताना : एक्सट्रॅककॅडचा परिचय

घरातील एखादी खोली मोकळी झाली की छोट्या रेल्वेचा छंद असलेला माणूस आधी रूळ आणि सांध्यांच्या किमती पाहू लागतो. माझ्या मते त्याआधी काही आठवडे नकाशावर घालवावेत. कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घरात दहा बाय दहा फुटांची खोली रिकामी झाल्यावर तिच्यातील लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, आखण्यासाठी मी एक्सट्रॅककॅड ही संगणकप्रणाली वापरली. ती पूर्णपणे मोफत व मुक्तस्रोत असून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते.

खोलीची लांबी-रुंदी, रेल्वेचे प्रमाण, वळणाची किमान त्रिज्या आणि कमाल चढ हे आकडे तिच्यात सुरुवातीलाच भरून ठेवता येतात, आणि खोलीत काय मावेल याचा खरा हिशेब तेथेच सुरू होतो. आपल्याकडील जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीचा डबा दोन्ही टोकांच्या बफरसह, म्हणजे धक्का झेलणाऱ्या दांड्यांसह, सुमारे २२.३ मीटर लांब असतो. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात तो साडेपंचवीस सेंटिमीटरचा होतो. वीस डब्यांची गाडी मांडायची तर इंजिन सोडूनच पाच मीटरहून अधिक जागा लागेल, आणि आपली भिंत जेमतेम तीन मीटरची आहे. त्यामुळे गाडी पाच-सहा डब्यांचीच ठेवावी लागते. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट असावी असा या छंदातील ढोबळ संकेत आहे. त्यानुसार ती ६४ सेंटिमीटर येते, आणि तेवढ्या त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार फेरा बसवायला सव्वा मीटरहून रुंद फळी लागते. एका बाजूने उभ्या माणसाचा हात पाऊण मीटरपलीकडे सहज पोहोचत नाही. म्हणजे फळी भिंतीला लावली तर कोपऱ्यात घसरलेला डबा उचलण्यासाठी लेआउटवरच ओणवे व्हावे लागेल. एन, म्हणजे १:१६० या प्रमाणात डबा १४ सेंटिमीटरचा होतो आणि ३५ सेंटिमीटरची त्रिज्या पुरते. ज्यांना गोल फिरणारी गाडीच हवी आहे, त्यांनी लहान खोलीत एन प्रमाणाचाच विचार करावा.

मला मात्र एचओ सोडायचे नव्हते, आणि त्यावरचा तोडगा कोल्हापूरच्या स्थानकातच होता. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे १८९१ पासून मार्गाचे शेवटचे टोक आहे; मिरजेकडून आलेल्या गाडीला पुढे वाट नाही. इंजिन सुटते, शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि पुन्हा जोडले जाते. हा सारा खेळ पन्नास सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर भिंतीलगत मांडता येतो व त्याला गोल फेरा लागतच नाही. मी दोन भिंतींना टर्मिनस आणि तिसऱ्या भिंतीला गाड्या उभ्या करण्याचे आडोशाचे रूळ असा आराखडा केला. मध्ये दार येते. तेथे उचलून बाजूला ठेवता येईल असा पूल योजला असून, त्याला रुकडीजवळच्या पंचगंगेवरील रेल्वे पुलाचे रूप द्यायचे आहे.

अशा आखणीत ही प्रणाली फार विश्वासू ठरते. सरळ रूळ वळणाला मिळतो तेथे हळूहळू वाढणारी वक्रता ती स्वतः बसवते. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तीव्र वळण किंवा चढ झाला की तेवढा भाग वेगळ्या रंगात दिसतो. एका रुळाच्या वरून पुलाने दुसरा रूळ नेण्याचा मोह मला तिच्यामुळेच आवरला, कारण आठ सेंटिमीटर उंची शेकडा दोनच्या चढाने गाठायला चार मीटर रूळ लागतो आणि तेवढी सलग भिंत या खोलीत नाही. पडद्यावर गाडी चालवून पाहण्याची सोयही आहे. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याच्या जागी त्याला पुरेशी लांबी मिळते की नाही, हे तेथेच कळते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आज्ञा पुष्कळ आहेत, त्यांची मांडणी जुन्या वळणाची आहे, मराठीची सोय नाही आणि त्रिमितीय दृश्यही मिळत नाही. नवख्याला एनीरेल हे अशाच आखणीचे दुसरे सॉफ्टवेअर अधिक सोपे वाटेल; मात्र त्याची विनामूल्य आवृत्ती रुळाच्या पन्नास तुकड्यांवर थांबते आणि टर्मिनसला तेवढे पुरत नाहीत. एचओमध्ये दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, तर आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला त्या प्रमाणात १९.३ मिलिमीटर हवे. हा फरक मात्र प्रणालीचा दोष नाही. बाजारात मिळणारे रूळच तसे असतात.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय छपाईची आहे. संपूर्ण नकाशा प्रत्यक्ष आकारात अनेक पानांवर छापता येतो. ती पाने जोडून फळीवर अंथरली की सुताराला खुणा समजावून सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात साधे प्लायवूड वाकते, म्हणून फळ्या बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या, प्रतीच्या घ्याव्यात. छापताना प्रिंटरमधील पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवावा आणि पहिल्या पानावरील अंतर पट्टीने मोजून खात्री झाल्यावरच उरलेली पाने छापावीत.