‘एन52’ छापलेल्या 20×5 मिमी मॅग्नेट चकत्या: माल चांगला, ग्रेड खोटी

ऑनलाइन पाकिटात मिळणाऱ्या, ब्रँड नसलेल्या या निकेल प्लेटिंगच्या निओडायमियम चकत्या मापाला चोख आहेत. एकेक 11.8 ग्रॅमच्या जवळ भरते. या आकाराला तेवढंच वजन हवं. पण हा माल एन52 नाही (एनपुढचा आकडा जितका मोठा, तितकं चुंबक ताकदवान).

एन52 ची रेमनन्स (मॅग्नेटाइझ केल्यावर मालात टिकून राहणारं चुंबकत्व) 1.43 ते 1.48 टेस्ला असते. त्या हिशेबाने चकतीच्या मध्यावर, गॉसमीटरचा (चुंबकीय फील्ड मोजायच्या यंत्राचा) सेन्सर प्रोबमध्ये अर्धा मिमी आत आहे असं धरूनही, 3100 गॉस (0.31 टेस्ला) यायला हवेत. इथे 2800 च्या आसपासच येतात, म्हणजे एन42. मोजताना प्रोब मध्यावरच ठेवा, कडेला आकडा फुगतो. ओढ फील्डच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे 20 टक्के कमी पडते. कपाटाच्या दाराला किंवा जिगला (काम धरून ठेवणाऱ्या साच्याला) हे चालून जातं.

मोटर किंवा पवनचक्कीच्या जनरेटरसाठी मात्र या घेऊच नका. ग्रेडपुढे एच, एसएच असं जास्त उष्णता सोसण्याचं अक्षर नाही, म्हणजे तापमानाची मर्यादा 80 अंश सेल्सिअसची. आणि इतकी चपटी चकती स्वतःच्याच उलट फील्डमुळे त्याआधीही ढिली पडू शकते. तापल्यावर रेमनन्स अंशाला साधारण 0.12 टक्के उतरते, ती गार झाल्यावर परत येते. कोअर्सिव्हिटी (उलट फील्डपुढे चुंबकत्व टिकवायची क्षमता) मात्र अंशाला 0.6 टक्क्यांच्या आसपास घसरते, आणि ती अपुरी पडून गेलेली ताकद पुन्हा मॅग्नेटाइझ केल्याशिवाय येत नाही. रोटरसाठी एन42एसएच मागा: रेमनन्स तेवढीच, कोअर्सिव्हिटी 20 किलोओर्स्टेड, मर्यादा 150 अंश. 200 च्या वर जायचं असेल तर समेरियम-कोबाल्टचं चुंबक.

प्लेटिंग गुळगुळीत आहे, पण दोन चकत्या एकमेकींवर आपटल्या की कडेचा टवका उडतो. तिथून दमट हवा आत शिरते, लोह गंजतं आणि प्लेटिंग फुगून सुटतं. कोकणपट्टीत वापरायच्या असतील तर काळ्या इपॉक्सी कोटिंगच्याच घ्या. चकत्या सोडवताना ओढू नका, टेबलाच्या कडेवरून सरकवा.

चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी वापरा. आधी अ‍ॅसिटोनने पुसा, बारीक पॉलिशपेपर हलकाच फिरवा, निकेलखालचं तांबं दिसू देऊ नका. ड्रिल अजिबात नको: चकती फुटते आणि भुकटी पेट घेते. स्क्रू लावायचा असेल तर काउंटरसंक (स्क्रूचं डोकं आत बसेल असं उतरतं) भोक असलेल्याच चकत्या मागवा.