खुला दिवस, जत्रा, भारूड की रेडिओ: संशोधन लोकांपुढं न्यायचं तर कुठं?

मागच्या महिन्यात तालुक्याच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या एका मॅडमचा फोन आला. "सर, विस्तार कार्याला थोडे पैसे मिळालेत. वर्ष एकच आहे आणि माणसं आम्ही तिघं. विज्ञान दिन जोरात करावा, जत्रेत स्टॉल लावावा, की यूट्यूब चॅनेल काढावं?" मी घाईत काहीतरी सांगून टाकलं. ते नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून आता लिहितोय. मी भूशास्त्र शिकवतो. यातले बहुतेक प्रकार मराठवाड्यात करून पाहिलेत, दोन-तीनदा तोंडावर आपटलोही आहे.

आधी एक स्पष्ट करतो. किती माणसं आली हे मी मोजत नाही. त्याचे जिओ-टॅग फोटो नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत जातात आणि तिथं त्यांचं काम संपतं. मी पाहतो ते एवढंच, की आपण तयारी केली नव्हती असा प्रश्न कुणी विचारला का? विचारला असेल तर त्या माणसाला विषय आपला वाटला. नाहीतर ते नुसतं प्रदर्शन.

खुला दिवस

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन सगळ्यांत सोपा. जागा आपली, वीज आपली, सूक्ष्मदर्शक हलवायचा नाही. पोरं उत्साहानं पोस्टर करतात. अडचण एवढीच की येतात फक्त शाळांच्या बस. रांगेतल्या मुलाचा प्रश्न बऱ्याचदा त्याच्या गुरुजींनी वहीत लिहून दिलेला असतो. शिवाय फाटकाचं काय करायचं? आमच्या फाटकाबाहेर पंधरा वर्षं चहाची गाडी लावणाऱ्या मामांना मी एकदा म्हटलं, आत या की, दगड दाखवतो. "आम्हाला सोडत्यात व्हय आत?" ते खरंच विचारत होते. त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं, पण आत बोलावलंही नव्हतं.

तरीही ज्या गोष्टी बाहेर नेताच येत नाहीत त्यांच्यासाठी खुला दिवसच हवा. छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं. तिथल्या इतिहास वस्तुसंग्रहालयात पैठण, तेर, भोकरदन भागातल्या वस्तू आहेत, आणि विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातच लेणी. त्या खापरांची पेटी जत्रेच्या गर्दीत कुणी नेऊ नये. सकाळी संग्रहालय, दुपारी लेणी, आणि मधे एखाद्या प्राध्यापकानं झाडाखाली बसून गप्पा माराव्यात. एवढ्या आखणीत दिवस चांगला जातो. फक्त शाळेच्या बसबरोबर दोन पालक आणायची अट घाला. चित्र बदलतं.

खुल्या दिवसाला अपवाद परभणीचा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि त्याच तारखेला तिथं खरिपाचा मेळावा भरतो. रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी. तिथं माणसांना बोलवावं लागत नाही. बियाण्यासाठी रांग लागते. बीडीएन ७११ ही तूर बदनापूरच्या केंद्राची, साधारण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येते. मध्यम जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरतात, म्हणून शेतकरी तिचं नाव घेऊन मागतो. रांगेतला प्रश्न असतो, "माझ्या हलक्या रानात चालंल का, आणि सोयाबीनमधी लावली तर ओळी किती?" एवढा नेमका प्रश्न पोस्टरसमोर उभं राहून कुणी विचारत नाही. फरक साधा आहे. संशोधन पिशवीत घालून घरी नेता येतं. तुमच्या विभागाकडं पिशवीत घालण्यासारखं काही असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, मेळाव्यात एक टेबल मागून घ्या.

जत्रा

माझा कल इकडं आहे, हे लपवत नाही.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, कुस्त्या, लावणी, जिल्हा परिषदेचं कृषी प्रदर्शन, भंडारा आणि येळकोट. इथं माणूस चार दिवस फिरायला आलेला असतो, घाईत नसतो. बायका येतात, म्हातारी माणसं येतात. खुल्या दिवसाला यांच्यापैकी कुणीही येत नाही.

एका जत्रेत (माळेगाव नव्हे, लहान होती) आम्ही पहिल्यांदा टेबल लावलं तेव्हा वर मोठ्ठा फ्लेक्स होता, 'दख्खनच्या पठाराची भूशास्त्रीय जडणघडण'. दुपारपर्यंत चिटपाखरू नाही. शेजारी रसवंती, तिथं रांग. संध्याकाळी वैतागून एका विद्यार्थ्यानं फ्लेक्स उलटा केला आणि मागं खडूनं लिहिलं, 'तुमच्या बोअरला पाणी का लागत नाही?' मग उठायला सवड मिळाली नाही.

पहिलाच माणूस म्हणाला, "पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दिली, साडेतीनशे फूट गेलो, धूळ निघाली." आता त्याला पाणाड्या खोटा असं सांगून भागत नाही, तो पाणाड्या त्याच्या भावकीतला असतो. आम्ही त्याच्यापुढं दोन दगड ठेवले. एक घट्ट काळा, एक भोकाभोकांचा. दोन्हीवर वाटीभर पाणी ओतलं. घट्टावरून ते ओघळून गेलं, भोकाच्या दगडानं थोडं धरलं. मराठवाड्याचं बहुतेक रान या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. घट्ट कातळाच्या पोटात ते जवळजवळ नसतंच. म्हणून खोल गेलं की पाणी लागतं हा हिशेब इथं चालत नाही. शेजारच्याला दोनशेवर लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही, कारण भेग त्याच्या बांधाशी संपलेली असू शकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या आसपास हे बोलायला लागलं की माणसं बसून घेतात.

मग त्या बोअरवाल्यानं विचारलं, "सर, मग ह्याच भेगंत पावसाचं पाणी सोडता येतं का?" विहीर-बोअरच्या पुनर्भरणाचा मुद्दा माझ्या यादीत पाचव्या क्रमांकावर होता. त्यानं तो आपणहून काढला.

हिंगोलीकडं जत्रेचा विषय वेगळा ठेवावा लागतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातली माणसं जमिनीतून येणारे आवाज ऐकत आलीत. २१ मार्च २०२४ ला त्या भागात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनाच्या दमणुकीनं माणसं गाढ झोपलेली. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. ते अंगावर आलं. तिथं तीव्रता ६.२ च्या घरात होती. आकड्यांत फरक १.७ चा दिसतो, पण ऊर्जेत तो ढोबळमानानं साडेतीनशे पट भरतो. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की विरून जातं. म्हणून आम्ही लाकडी पाटी काचेच्या गोट्यांवर ठेवतो, तिच्यावर दोन छोटी घरं. एक नुसतं दगड-मातीचं, दुसऱ्याला दारा-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी तारेचा पट्टा. पाटी हलवायची. पहिलं घर कोसळतं, दुसऱ्याला तडे जातात पण ते उभं राहतं. एकदा एक आजी पुढं आल्या, मोडक्या घराकडं बघून म्हणाल्या, "असंच झालं होतं," आणि निघून गेल्या. आम्हाला पुढं काही सांगावं लागलं नाही.

जत्रेचे तोटे सांगतो. आवाज, धूळ, वीज जाते. विद्यार्थिनींची राहायची सोय आधी पाहावी लागते. दोन दिवसांत घसा बसतो. आणि तिथं तुमची पदवी कुणी विचारत नाही, हे काही सहकाऱ्यांना जड जातं.

कीर्तन आणि भारूड

हल्ली 'लोककलेतून विज्ञान' असा प्रस्ताव प्रत्येक फाइलीत असतो. इथं जरा थांबून विचार करा.

एकनाथांनी पैठणला बसून भारुडं लिहिली त्यात जोशी येतो, वासुदेव येतो, विंचू येतो. ऐकणाऱ्याला ती पात्रं रोज दारात दिसत होती. १५९९ ला नाथ गेले, अजून फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला दिंड्या येतात. त्या ताकदीचा वापर करावासा वाटणं साहजिक आहे. पण आपण करतो काय? कलापथकाला छापील मजकूर देतो, 'पाणी वाचवा' चार वेळा म्हणायला लावतो, आणि मानधनाच्या व्हाउचरवर सही घेतो. लोक ऐकतात, कारण ढोलकी चांगली वाजते. मजकूर त्यांच्या अंगाला लागत नाही. गावात त्याला 'योजनेचं भारूड' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

उलटं केलं तर जमतं. कीर्तनकारांना आधी प्रयोगशाळेत बोलवा, चहा पाजा, त्यांचे प्रश्न ऐका. औंढा नागनाथचं उदाहरण घ्या. त्या परिसरात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रानं २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशाला जी थरथर सुटते, ती या भुजांच्या लांबीतला प्रोटॉनपेक्षा शेकडो पट लहान फरक मोजून पकडायची. "तेल काढणार का सोनं?" हा प्रश्न मला औंढ्याच्या बसस्टँडवर विचारला गेलाय. आणि त्याच औंढ्याची कथा अशी, की नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करायला लावलं तेव्हा देऊळच फिरलं. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यातलं. एका तरुण कीर्तनकारांना मी भुजांचं हे सगळं समजावलं, तर ते म्हणाले, "सर, पूर्वरंगात मी ऐकण्याबद्दल बोलतो. एवढी बारीक हालचाल ऐकायची तर आधी स्वतः किती गप्प राहावं लागतं, हे घेतो. देऊळ फिरल्याची कथा यंत्राला जोडत नाही, ते बरं दिसणार नाही." ही समज माझ्यात नव्हती. मी तर नेमकी तीच जोड सुचवायला निघालो होतो.

कीर्तनात प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणजे माझ्या पट्टीवर हा प्रकार नापास व्हायला हवा. पण दुसऱ्या दिवशी पारावर प्रश्न येतात. ते ऐकायला तुम्ही गावात राहणार असाल तरच हा मार्ग धरा.

आणखी एक. स्थानिक संस्कृती हा संशोधन गुंडाळायचा कागद नव्हे, तीच संशोधनाचा विषय आहे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ. तिचा धागा, शाई, अक्षरवळण यांवर रसायनशास्त्र आणि मराठी विभागांनी मिळून बोलावं. तेरला पावसानंतर पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर मणी वर येतात, हे तिथल्या पोरांना पुरातत्त्ववाल्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. तिथलं संग्रहालय ज्या रामलिंगप्पा लामतुरेंच्या नावानं आहे ते गावातलेच, त्यांनी एकेक वस्तू जमवली. अशा गावात आपण 'जनजागृती' करायला जाणं जरा विनोदीच. विचारायला जावं.

रेडिओ आणि मोबाइल

हे थोडक्यात. आकाशवाणीची केंद्रं परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, संभाजीनगरला आहेत. शेतीच्या कार्यक्रमाचा ऐकणारा पक्का असतो, बांधावर रेडिओ लावून काम करतो. दहा मिनिटांचं भाषण लिहून द्या, पण लेखी मराठीत नको. स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र काढायचं मनात असेल तर १०० वॅटचा प्रक्षेपक साधारण दहा-पंधरा किलोमीटर पोचतो, आणि रोज कार्यक्रम भरायला माणूस लागतो. तिघांच्या विभागानं त्या फंदात पडू नये.

व्हिडिओचं म्हणाल तर पहिले चार जोरात निघतात, पाचवा परीक्षेत अडकतो. जत्रेतली पाटी हलवताना मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाका, बास. वेगळं चॅनेल नको.

मग मॅडमनी काय करावं?

भूगोल विभाग आहे, हातात दगड, नकाशे आणि पाण्याचा प्रश्न आहे. पैसे थोडे. मी असतो तर विज्ञान दिनाला फक्त चहा-बिस्किटाचा खर्च केला असता आणि उरलेलं सगळं जवळच्या जत्रेत दोन दिवसांना लावलं असतं. भाषा किंवा इतिहास विभाग असता तर जत्रेचा आग्रह धरला नसता. त्यांनी एकाच गावात वर्षभर जावं, शेवटी संग्रहालयात त्या गावाला बोलवावं. भौतिकशास्त्राचा आणि औंढ्याजवळचा असता तर कीर्तनकारांशी चहा सुरू करा म्हणालो असतो, कार्यक्रम पुढल्या वर्षी.

जत्रेला गेलात तर ग्रामपंचायतीचं पत्र आधी घ्या. रसवंतीच्या शेजारची जागा मिळाली तर सोडू नका. फ्लेक्सवर प्रश्न लिहा. विद्यार्थ्यांपैकी जो वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो त्याला टेबलाशी उभं करा, पहिल्या नंबरच्याला नव्हे. आणि भिंगं दोन जादा ठेवा, एक तर जातंच.