मॅकवर सॉलिडवर्क्स चालवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझे १३,६९९ रुपये गेले आहेत आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या ग्राहकाची ड्रॉइंग्ज आज एका अनोळखी माणसाच्या संगणकावर पडून आहेत. मी पुण्यात घरून जिग-फिक्श्चर (कारखान्यात काम करताना सुटा भाग पकडून ठेवणारी साधने) डिझाइनची कामे घेते. घरी एम२ चिपचे मॅकबुक एअर आहे आणि सॉलिडवर्क्स या विंडोजवरच्या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरची मॅकसाठी आवृत्तीच निघत नाही. जुन्या इंटेल मॅकवर अ‍ॅपलचे बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता येत असे. २०२० च्या अखेरीस एम१ चिप आली तेव्हापासून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय उरलेली नाही. नेमक्या याच अडचणीवर हे लोक पोट भरतात.

टेलिग्रामवर जाहिरात होती : ‘एम१, एम२ मॅकवर सॉलिडवर्क्स, ओरिजिनल लायसन्स, जीएसटी बिलासह.’ मी क्रॅक (कुलूप तोडलेली चोरीची प्रत) मागितला नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे पोलिसांनी मला तेच ऐकवले. बिल रीतसर आले, त्यावर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला, जीएसटी क्रमांक होता. टोकनचे १,५००, लायसन्सचे ६,५०० आणि विंडोजच्या कीचे २,४९९ रुपये मी यूपीआयने भरले. जाहिरात देणाऱ्या माणसाने इंटरनेटवरून माझ्या मॅकचा रिमोट ताबा घेतला, बराच वेळ काहीबाही डाउनलोड केले आणि अखेर विंडोजच्या डेस्कटॉपवर सॉलिडवर्क्स उघडून दाखवले. माझी असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेले मॉडेल, पडद्यावर फिरू लागली. त्यानंतर ‘अ‍ॅक्टिव्हेशन डिपॉझिट, परत मिळेल’ म्हणून आणखी ३,२०० घेतले.

ते ३,२०० भरण्याआधीच सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते, हे आठवले की अजूनही तळपायाची आग मस्तकाला जाते. सेटिंग्जमधले ‘अबाउट’ पान मी स्वतः उघडले होते आणि तिथे प्रोसेसर म्हणून इंटेल कोअर आय७ असे लिहिलेले होते. माझ्या मॅकमध्ये इंटेलची चिपच नाही. सी ड्राइव्ह जवळपास १ टीबीचा दिसत होता, तर माझ्या मॅकची सगळी स्टोरेज मिळून २५६ जीबी आहे. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, एम्युलेशनमध्ये तसंच दाखवतं.” एआरएमवरचे (मॅकच्या एम१, एम२ सारख्या चिपसाठीचे) विंडोज ११ इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम खरोखरच एम्युलेशनने, म्हणजे इंटेल चिपची नक्कल करून, चालवते, हे मला ठाऊक होते, म्हणूनच हे उत्तर खपून गेले; अडाणी माणसाला त्याने दुसरे काही सांगितले असते. प्रत्यक्षात माझ्या मॅकवर विंडोज आलेलेच नव्हते. रिमोट डेस्कटॉपची खिडकी पूर्ण पडदाभर करून तो मला स्वतःचाच संगणक वापरायला देत होता. असे कोणी बसवून दिले, तर आधी वायफाय बंद करा आणि मग प्रोग्रॅम चालतो का ते पाहा.

‘मॅकवर सेव्ह केलं तर फाइल करप्ट होते’ असे सांगून त्याने सगळे काम त्याच्याच डी ड्राइव्हवर ठेवायला लावले. मग एके सकाळी पासवर्ड चालेना आणि ‘रिन्युअल’चे ५,००० रुपये भरल्याशिवाय फाइली मिळणार नाहीत, असा निरोप आला. ते मी भरले नाहीत. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो एका कापड दुकानाचा निघाला. हा शोध लॉगिन न करता कोणालाही घेता येतो. पैसे भरण्याआधी घ्या.

बँकेने सांगितले की, पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. म्हणजे चोराने परस्पर पैसे काढले तर तो ग्राहक पीडित, आणि खोटे बिल दाखवून त्याच्याच हाताने पैसे काढून घेतले तर बँकेचा काही संबंध नाही! पोलीस ठाण्यात सायबरकडे जा म्हणाले, सायबरवाल्यांनी रक्कम विचारून पुन्हा ठाण्याकडे पाठवले, आणि तिथे मला बसवून ठेवून बिनपरवाना सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली तुरुंगवास होऊ शकतो, हे बजावण्यात आले. ते कलम जाणूनबुजून नकली प्रत वापरणाऱ्यासाठी आहे. माझ्या हातात बिल होते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणाऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ ड हे कलम आहे, त्याचे नाव मात्र कोणी काढले नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या करा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघाली की ती गोठवणे अवघड होते. चॅट आधी एक्सपोर्ट करून ठेवा. माझ्या बाबतीत त्याने दोन्ही बाजूंचे संदेश पुसून टाकले.

विंडोजची सोय करायचीच असेल, तर पॅरलल्सवर (मॅकच्या आत विंडोज चालवणारे सॉफ्टवेअर) एआरएमचे विंडोज ११ प्रो किंवा एंटरप्राइझ चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली आहे. मात्र लायसन्स यूएसबी डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या किल्लीवर) असेल आणि त्याचा ड्रायव्हर एआरएमसाठी नसेल, तर तो तिथे चालत नाही. सॉलिडवर्क्ससारख्याच सॉफ्टवेअरपैकी फ्यूजन थेट मॅकवर चालते, ऑनशेप ब्राउझरमध्ये; मी आता फ्यूजनवर सगळे नव्याने काढते आहे.

याच पद्धतीने ज्यांचे पैसे गेले असतील, त्यांनी रक्कम लहान म्हणून गप्प न बसता स्वतंत्र तक्रार नोंदवावी. तेरा हजारांच्या एकट्या तक्रारीवर तपास सुरू होत नाही, असे मला ठाण्यात तोंडावर सांगितले गेले आहे.