मक्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि ग्लास: सोलापुरात दहा महिने वापरून

शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकायचा माझा घरगुती धंदा आहे. गेल्या आषाढापासून मी त्यासाठी या पिशव्या वापरते. दर साध्या पिशवीच्या जवळपास तिप्पट पडला.

आधी हे कशाचं बनतं ते सांगते. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात (दही आंबट होतं तेच), त्याच्या लांब साखळ्या जोडल्या की पीएलए नावाचं प्लॅस्टिक तयार. नुसतं पीएलए ठिसूळ असतं, म्हणून पिशवीत पीबीएटी नावाचं लवचीक प्लॅस्टिक मिसळतात, आणि ते बहुतेक करून खनिज तेलापासून येतं. 'शंभर टक्के झाडापासून' असं कुणी म्हणालं तर हे जरूर विचारा.

चटणीसाठी पिशवी उत्तम. तेल बाहेर पाझरलं नाही, वास लागला नाही. भाकरीचं मात्र पावसाळ्यात वाटोळं झालं. तिसऱ्या दिवशी भाकरी मऊ पडली आणि दोन गिऱ्हाइकांनी परत आणली. या प्लॅस्टिकमधून हवेतली वाफ सहज आत शिरते. त्याच गुणामुळे मेथी-कोथिंबिरीला घाम येत नाही, म्हणून भाजीला मी तीच पिशवी वापरते.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. ताकासाठी पीएलएचे पारदर्शक ग्लास आणले होते. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवलेली थप्पी चेपून एकमेकांत रुतून बसली. पीएलए ५५ ते ६० अंशांला मऊ पडतं. चहाचं तर नावच नको. आपल्याकडे पारा ४३च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं, तेव्हा गाडीतही ठेवू नका.

दिवाळीत एक पिशवी आणि एक ग्लास खताच्या कुंडीत पुरले. आता उकरलं तर पिशवीच्या चिंध्या झाल्यात, ग्लास मात्र धुतल्यावर नव्यासारखा चमकतो! मन खट्टू झालं. पण आयएस १७०८८ ची, म्हणजे खत होणाऱ्या प्लॅस्टिकसाठीच्या भारतीय मानकाची, कसोटी ५८ अंशांच्या आसपास गरम राहणाऱ्या खताच्या ढिगाऱ्याची आहे. तिथे १८० दिवसांत प्लॅस्टिकमधल्या कर्बापैकी (कार्बनपैकी) ९० टक्के कर्ब कार्बन डायऑक्साइड वायू होऊन जायला हवा. कुंडी तेवढी तापतच नाही. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, त्याने 'मातीत टाका, जिरेल' एवढंच सांगितलं.

आता ग्लास बंद केले, भाकरी डब्यातून देते. चटणीच्या पिशव्या चालूच आहेत, पण दोन महिन्यांपुरत्याच घेते. जुना गठ्ठा काढला तेव्हा घड्यांवर पिशव्या तडकत होत्या.