वंडरला, इमॅजिका आणि दुसऱ्या दिवसाचं तिकीट: आठ महिन्यांनंतर बदललेलं मत

मे महिन्यात करमणुकीच्या पार्कला किती दिवस द्यावेत असं कुणीही विचारलं की माझं ठरलेलं उत्तर होतं: एवढ्या लांब जाताय, तर पार्कला दोन दिवस द्याच. त्यानंतर डिसेंबरपर्यंत बेळगाव, खानापूर आणि निपाणीहून निघालेल्या पाच सहली ह्याच हिशेबावर बसवल्या. तीन बेंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरलाला, दोन मुंबई-पुण्याच्या मधल्या खोपोलीच्या इमॅजिकाला. आता ते उत्तर मागं घ्यावं लागतंय.

निमित्त झालं शेवटच्या सहलीचं. पॅकेज ‘३ रात्री ४ दिवस’, त्यात बिडदीला दोन दिवस. पहिल्या दिवशी सात तास ऊन आणि पाणी झाल्यावर दुसऱ्या सकाळी अकरापैकी सहा जण खोलीतून हलले नाहीत. पॅकेजवाल्याचं म्हणणं, तिकीट तारखेला बांधलेलं आहे, पैसे परत नाहीत. नियम असेल तसा, पण विकताना हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सहा तिकिटं वाया गेली आणि वर एका रात्रीच्या खोल्यांचं भाडं.

बिडदीचा एक दिवस नेमका किती तासांचा, ते आधी बघू. साध्या दिवशी पार्क साधारण ११ ते ६, सुट्टीच्या दिवशी थोडा जास्त. म्हणजे ४२० मिनिटं. आत शिरणं, पिशव्यांची तपासणी, लॉकर ह्यात ३० जातात. आठ-दहा जणांचे कपडे दोनदा बदलण्यात ५०. जेवणाला ४५. हातात उरतात पाच तासांहून थोडे कमी. मेमधल्या रविवारी मोठ्या राइडची रांग ४५ मिनिटांची असते, तेव्हा ह्या वेळात सहा राइड होतात. शाळा चालू असतानाच्या मंगळवारी रांग दहा-बारा मिनिटांवर येते आणि त्याच वेळात पंधरा-सोळा होतात. दोन रविवार मिळून एका मंगळवारची बरोबरी करत नाहीत. किती दिवस हा प्रश्न वार ठरल्यानंतरच विचारावा.

इथं सीमाभागाला एक फायदा आहे, तो फार कमी लोक वापरतात. आपल्याकडच्या मराठी शाळासुद्धा कर्नाटकच्या वेळापत्रकावर चालतात. लांब सुट्टी दसऱ्याला पडते, आणि उन्हाळ्याची संपून मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला शाळा भरते. पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कागलला लांब सुट्टी दिवाळीची, आणि शाळा जूनच्या मध्याला. म्हणून बेळगाव-निपाणीच्या मुलांनी दसऱ्याच्या सुट्टीत मधल्या वारी खोपोली गाठावी, तेव्हा महाराष्ट्रातली मुलं वर्गात असतात. चंदगडच्या पाहुण्यांनी बिडदीला जायचं तर जूनचे पहिले दोन आठवडे किंवा भाऊबीजेनंतरचे साधे वार. ऑक्टोबरच्या सहलीत खोपोलीला ह्याचा उपयोग झाला, मोठ्या रोलर कोस्टरवर मुलं लागोपाठ तीनदा बसली. प्रत्यक्ष दसऱ्याचा दिवस आणि जोडून आलेला शनिवार-रविवार मात्र टाळा.

आता कपडे. दुसऱ्या दिवसाचा विचका ह्यांनीच होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पाण्याच्या राइडवर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लायक्राचेच कपडे चालतात. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी घालून सोडत नाहीत. सुती कापडाचे तंतू सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, धातूची बटणं आणि चेन फायबरच्या घसरगुंडीला ओरखडे पाडतात, आणि त्याच ओरखड्यावर मागून येणाऱ्याची पाठ सोलते. ह्या कारणांमुळं नियम योग्यच आहे. पण घरून निघताना तो माहीत नसला तर आतल्या दुकानातून माणशी एक जोड घ्यावा लागतो, आणि चौघांच्या घराला तो खर्च झोंबतो. बेळगावच्या खडेबाजार किंवा गणपत गल्लीत साधी नायलॉनची हाफ पँट आणि चेनविना टी-शर्ट बरेच स्वस्त मिळतात. बायकांसाठी लांब बाह्यांचा पॉलिएस्टर टी-शर्ट आणि लायक्राची लेगिंग हा जोड सगळ्यात सोयीचा, उन्हापासूनही अंग वाचतं.

दोन दिवस एकाच पार्कमध्ये काढायचे तर हे कपडे रात्रीत वाळवावे लागतात, आणि तिथंच गाडं अडतं. स्वस्त लॉजच्या खोलीला गॅलरी नसते, न्हाणीघराला खिडकी नसते. ओला जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की सकाळपर्यंत कुबट वास येतो, आणि पाण्यातल्या क्लोरीनमुळं तेच कपडे अंगाला खाजतात. पहिल्या दोन सहलींत हेच झालं. नंतर पुढची पद्धत लागू पडली. खोलीवर आल्याबरोबर कपडे साध्या पाण्यातून दोनदा काढायचे. नुसतं पिळून भागत नाही. कोरड्या टॉवेलात पसरून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर मिनिटभर उभं राहायचं. बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग घरून नेलेली दोरी पंख्याखाली बांधून, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून टांगायचे. नायलॉन चार-पाच तासांत वाळतं. लायक्राला रात्र लागते, टॉवेलाला त्याहून जास्त. म्हणून दोन दिवसांसाठी माणशी एक जोड आणि दोन पातळ पंचे. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा.

तिसऱ्या सहलीनंतरच मत थोडं सरकलं होतं. चूक दोन दिवसांची नव्हती, दोन्ही दिवस तेच मिसळून करण्याची होती. सकाळी कोरड्या राइड, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा कोरड्या, असं केलं की रोज दोनदा बदलाबदली होते, कारण बऱ्याच कोरड्या राइडवर ओल्या कपड्यांनी बसू देत नाहीत. दोन दिवस घ्यायचेच असतील तर पहिला पूर्ण कोरडा आणि दुसरा पूर्ण पाण्याचा ठेवा. कपडे एकदाच भिजतात आणि ओले तसेच घरी येतात, रात्रीचं वाळवणं वाचतं.

ह्याच कारणानं इमॅजिकाला दोन दिवस पटतात. तिथं थीम पार्क आणि वॉटर पार्क वेगळे आहेत, तिकिटंही वेगळी. थीम पार्क २०१३ चा, वॉटर पार्क २०१४ चा. थीम पार्कमधल्या अनेक राइड बंदिस्त आहेत, उन्हाचा त्रास कमी. पहिल्या दिवशी थीम पार्क, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क, आणि दुपारी चारला बाहेर पडून परतीला लागायचं. बेळगावहून साधारण सव्वाचारशे किलोमीटर. कागल ते साताऱ्यादरम्यान सहापदरीकरणाच्या कामांमुळं वळणरस्ते आहेत, त्यासाठी दीड-दोन तास जास्तीचे धरा. जून ते सप्टेंबर घाटाखालचा पाऊस जोरदार असतो, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. कुठला पार्क कुठल्या वारी चालू आहे, हे तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

बिडदीला मोठ्यांच्या गटाला, साध्या वारी, एकच दिवस. क्रम असा: दार उघडताच थेट सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरकडं, तेही पोटात जड काही नसताना. पाण्याच्या राइड साधारण बाराच्या पुढं सुरू होतात. सगळे जेवायला जातात त्या वेळी पाण्यात उतरायचं आणि आपण तीनला जेवायचं. जेवल्यावर लगेच उलटसुलट फिरवणारी राइड नको, तासभर लाटांच्या तलावात काढा. पाण्याच्या राइड पाचच्या सुमारास थांबतात, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत झुंबड उडते. साडेचारलाच बाहेर पडलं की निवांत आवरतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. गाडीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दाराबाहेरच संपवावी.

लहान मुलं असतील तर उंची मोजून मगच दिवस ठरवा. वंडरलात ८५ सेंमीच्या आत फुकट, ८५ ते १४० लहान मुलाचं तिकीट, त्यावर पूर्ण. मोठ्या थरारक राइडनाही हीच १४० ची पट्टी लागते. १३५ सेंमीचा मुलगा आणि १४५ ची बहीण एकत्र असली की एक मोठं माणूस कायम खाली थांबतं, रांगा दोनदा लागतात, आणि मग एक दिवस खरोखर कमी पडतो. ह्या एका जमावाला मी अजूनही दोन दिवस सांगेन. मोजताना चप्पल काढा, भिंतीला टाच लावा; घरी १४० भरलेली मुलं तिथं १३८ भरल्यावर रडली आहेत. ११० च्या आतली पोरं असतील तर पाचशे किलोमीटर जाऊच नका. शिग्गावजवळच्या गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन किंवा कोल्हापूरजवळचा कणेरी मठ एका दिवसात होतो आणि पोरं तिथं जास्त रमतात.

बिडदीच्या एका दिवसाला खोली नकोच. रात्रीच्या रेल्वेनं सकाळी बेंगळुरू, स्टेशनच्या विश्रांतीगृहात आवरायचं, आणि लगतच्या मेट्रोनं, जांभळ्या मार्गावरून, केंगेरी किंवा चल्लघट्ट. पुढं बस किंवा रिक्षा. गाडी राणी चन्नम्मा एक्सप्रेस, उतरायचं संगोळ्ळी रायण्णांच्या नावाच्या स्थानकात, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. परतीला रात्री नऊच्या सुमाराची गाडी धरू नका. बिडदीहून म्हैसूर रस्त्यानं शहरात शिरताना संध्याकाळी दोन तास सहज जातात. अकराच्या सुमाराची चन्नम्मा आरामात मिळते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच जातानाचं काढा आणि दुसऱ्या सकाळी परतीचं. पार्कचं तिकीट मात्र परतीचं आरक्षण पक्कं झाल्यावरच.

पुढची सहल चंदगडच्या नऊ जणांची आहे. जूनचा पहिला आठवडा, बुधवार, बिडदी. तिकिटं एकाच दिवसाची काढली आहेत, आणि पिशवीत दोरी टाकलेली नाही.