शिकारीला नेताना वॉकीटॉकी कुठला: एफआरएस, जीएमआरएस की मर्स?

चार-पाच जणांचं मिळून शिकारीला जायचं ठरतं, जंगलात मोबाईलला रेंज नसते हे सगळ्यांना माहीत असतं, मग कोणीतरी म्हणतं वॉकीटॉकी घेऊया, आणि तिथून जो गोंधळ सुरू होतो तो विचारू नका. एकाला जास्त वॅटवाला हवा, एकाला स्वस्तातला, एकाने आधीच घेऊन ठेवलेला असतो आणि तो बाकीच्यांच्या सेटशी बोलतच नाही. अमेरिकेत शिकार करणाऱ्यांपुढे परीक्षा न देता वापरता येतील असे हातातल्या सेटचे खरे पर्याय तीनच आहेत, एफआरएस, जीएमआरएस आणि एमयूआरएस (याला सगळे मर्सच म्हणतात), म्हणजे सरकारने सामान्य लोकांसाठी ठरवून दिलेल्या तीन रेडिओ सेवा. सीबी (सिटिझन्स बँड रेडिओ) पण आहे म्हणा, पण त्याची २७ मेगाहर्ट्झची रेडिओ लाट ११ मीटर लांब, तिला साजेशी अँटेना हातात धरून झाडीत फिरता येत नाही, त्यामुळे ती गाडीतच बरी. युरोप-ऑस्ट्रेलियावाल्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

घाई असेल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळे एकमेकांपासून दीडेक किलोमीटरच्या आत बसणार असाल तर साधा एफआरएस आणि चांगला इअरपीस, विषय संपला. झाडी दाट आहे आणि दरवर्षी तीच मंडळी सोबत असतात तर मर्स. कॅम्प एकीकडे, गाड्या दुसरीकडे, मध्ये डोंगर, आणि घरातलीच चार माणसं, तर जीएमआरएस.

आता रेंजचं, कारण फसवणूक तिथेच होते. खोक्यावर ३५ मैल लिहिलेलं असतं, म्हणजे ५६ किलोमीटर. या लाटा जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात, समोर क्षितिज आलं की संपलं. छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण दीड मीटरवर सेट धरला तर रेडिओचं क्षितिज ५ किलोमीटरवर येतं, समोरच्याचंही तेवढंच, म्हणजे पार सपाट उघड्या माळावर दोघांमध्ये जास्तीत जास्त १० किलोमीटर. ५६ किलोमीटर गाठायचे तर समोरचा माणूस तुमच्यापेक्षा दीडशे मीटर उंच टेकडीवर उभा पाहिजे आणि मध्ये एक झाड नको. शिकारीला असं कोण बसतं? आपण ओढ्यात, उतारावर, झाडाच्या आडोशाला बसतो. प्रत्यक्ष जंगलात एक-दोन किलोमीटर मिळाले की खूश व्हायचं.

आणि वॅट वाढवून हे सुटत नाही, लोकांना हे पटतच नाही. २ वॅटचे ५ वॅट केले की मोकळ्या आकाशात अंतर दीडपटीच्या थोडं वर जातं, पण जमिनीलगत झाडाझुडपातून पाव हिस्सा वाढला तरी पुष्कळ. त्यापेक्षा मचाणावर चढलात, किंवा नुसती कमरेची क्लिप काढून सेट डोक्याशी धरून अँटेना उभी ठेवलीत, तरी जास्त फरक पडतो. कमरेला लावलेला सेट अर्धा सिग्नल तुमच्या पोटालाच देतो.

तर एफआरएस आणि जीएमआरएस आधी. २०१७ साली नियम बदलले तेव्हापासून दोघांचे २२ चॅनेल एकच आहेत, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर, आणि एकाने दुसऱ्याशी बोललेलं चालतं. एफआरएसला लायसन्स लागत नाही, अँटेना सेटला कायमची जोडलेली असते, काढता-बदलता येत नाही. जोर चॅनेल १ ते ७ आणि १५ ते २२ वर जास्तीत जास्त २ वॅट, पण ८ ते १४ वर फक्त अर्धा वॅट. हे कोणी सांगत नाही, आपण हौसेने "९ नंबर लकी आहे" म्हणून ९ लावतो आणि मग सेटला शिव्या घालतो. नवीन काहीही घेऊ नका, आधी चॅनेल बदलून बघा.

जीएमआरएसला लायसन्स लागतं पण परीक्षा नाही, फॉर्म भरून फी दिली की १० वर्षं बघायला नको. घेणारा १८ वर्षांचा पाहिजे, परदेशी सरकारचा प्रतिनिधी नको, बाकी नागरिकत्वाची अट नाही, आणि एका लायसन्सवर बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण सगळे बोलू शकतात. मित्र मात्र नाही हं! चार मित्र जाणार असाल तर चौघांची चार लायसन्स, आणि इथेच बऱ्याच ग्रुपचा जीएमआरएसचा हिशोब बिघडतो. बदल्यात मिळतं काय तर हातातला सेट सहसा ५ वॅटचा, अँटेना बदलता येते, गाडीत काही चॅनेलवर ५० वॅटपर्यंतचा सेट बसवता येतो, आणि रिपीटर वापरता येतो. माझ्या मते जीएमआरएस घ्यायचं खरं कारण हा रिपीटरच. डोंगरावर कोणाचा रिपीटर असेल आणि मालकाची परवानगी असेल तर तुम्ही ४६७ वर बोलता, तो वरून ४६२ वर सगळ्यांना ऐकवतो, मग मधला डोंगर आडवा येत नाही कारण बोलणं डोंगरावरूनच येतंय. एफआरएसचा सेट रिपीटरमधून बोलू शकत नाही. तुम्ही जाता तिथे रिपीटर नसेल तर मात्र जीएमआरएस म्हणजे थोडा जाडजूड एफआरएसच, बॅटरी लवकर संपवणारा.

एक गंमत सांगतो. ग्रुपमध्ये दोघांकडे जीएमआरएस आणि दोघांकडे एफआरएस असं झालं की ५ वॅटवाल्याचं बोलणं २ वॅटवाल्याला ऐकू जातं, तो उत्तर देतो, ते इकडे पोचतच नाही, आणि ५ वॅटवाला वैतागून तेच तेच विचारत बसतो. आमच्यात हे झालंय, अर्धा दिवस एकमेकांवर रुसून बसलो होतो, दोष कोणाचाच नव्हता. शिवाय एफआरएस अरुंद बँडवर चालतो आणि जीएमआरएस बरेचदा रुंदवर सेट केलेला असतो, त्यामुळे एकाचा आवाज बारीक येतो आणि दुसऱ्याचा फाटतो. जीएमआरएसच्या मेनूत नॅरो करून टाका, ठीक होतं.

मर्स यांच्याहून वेगळा. पाचच चॅनेल, १५१ ते १५४ मेगाहर्ट्झवर, जोर २ वॅट, लायसन्स नाही आणि तरीही बाहेरची अँटेना लावायची मुभा. म्हणजे कॅम्पवर काठीला अँटेना बांधून उंच चढवता येते, जमिनीपासून ६० फुटांपर्यंत नियमात बसतं. ही मुभा मला ३ जादा वॅटपेक्षा मोलाची वाटते. दुसरं म्हणजे झाडी. याची लाट २ मीटरची, एफआरएसची ६५ सेंटीमीटरची, आणि ओली पानं, फांद्या, खोडं छोट्या लाटेला जास्त खातात, टेकडीच्या कडेवरून वाकून पलीकडे उतरणंही लांब लाटेला बरं जमतं. म्हणून दाट रानात तेवढ्याच २ वॅटमध्ये मर्स थोडा पुढे जातो.

पण यात मेख आहे. लांब लाटेला अँटेनाही लांब लागते. मर्सची पाव लाटेची अँटेना होते ४९ सेंटीमीटर, एफआरएसची १६. झाडीत अडकते म्हणून मर्सला वीतभर रबरी अँटेना लावली की झाडीतल्या फायद्याचा बराच भाग तिथेच जातो. त्यामुळे मर्स घेणार असाल तर लांब लवचिक अँटेना पण घ्या आणि ती पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यातून वर काढा, नाहीतर सरळ एफआरएस घ्या. बाकी मर्सचे तोटे म्हणजे सेटची निवड कमी, आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्या ग्रुपकडे बहुतेक एफआरएसच असणार, त्यांच्याशी बोलणं होणार नाही. कुत्र्यांच्या काही जीपीएस पट्ट्याही याच चॅनेलवर चालतात, तेव्हा कुत्रे घेऊन शिकार करणारे आसपास असले की मधेच चिर्र चिर्र ऐकू येतं, सेट बिघडला असं समजू नका.

आता माझा लाडका मुद्दा, आवाज. शिकारीत लांब बोलणाऱ्या सेटपेक्षा गप्प बसणारा सेट चांगला. बटण सोडल्यावर सेट "बीप" करतो ना, त्याला रॉजर बीप म्हणतात, तो बंद करता येतो का हे घेण्याआधीच बघा, कारण काही स्वस्त सेटमध्ये तो बंद होतच नाही. दोन तास हलायचं नाही म्हणून पायाला मुंग्या येईपर्यंत बसलोय, सावज साठेक पावलांवर आलंय, आणि तेवढ्यात छातीवरून "टिर्रिंग, अरे चहा झाला का". झालं, पांढरी शेपटी तेवढी दिसली! कॉल टोन बंद, बटणांचा आवाज बंद, व्हायब्रेट असेल तर उत्तम. आपोआप आवाज ओळखून सुरू होणारं व्हॉक्स तर अजिबात नको, वारा सुटला की ते स्वतःच चालू होतं आणि सगळ्यांना तुमच्या जॅकेटची फडफड ऐकवतं. इअरपीस एकाच कानात घाला, दुसरा कान जंगलाला. सेट घेताना इअरपीसची पिन कुठली लागते तेही पाहून घ्या, सगळ्यांची सारखी नसते.

प्रायव्हसी कोडबद्दल एक गैरसमज कायम असतो. त्याने तुमचं बोलणं गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या स्पीकरवर येत नाही एवढंच. कोड न लावलेला माणूस तुमचं सगळं ऐकतोय, आणि तुम्हाला चॅनेल मोकळा वाटतो तेव्हा तो मोकळा असेलच असं नाही.

बॅटरी आणि पाणी पटकन उरकतो. थंडीत अल्कलाइन सेल झपाट्याने बसतात, उणे तापमानात जाणार असाल तर एकदाच वापरायचे लिथियम एए सेल उणे ४० पर्यंत काम करतात, म्हणून एए सेल घालता येणारा सेट मला आवडतो. चार्जिंगवालाच असेल तर आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. पाण्यासाठी आयपी ६७ बघा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपी ५४ ला शिंतोडे चालतात, ओढ्यात पडलेलं नाही.

मग लोक विचारतात, तो बाओफेंग यूव्ही-५आर नावाचा सेट काय वाईट आहे, स्वस्त आहे, सगळ्या फ्रिक्वेन्सी पकडतो. पकडतो खरं, पण तो एफआरएस, जीएमआरएस, मर्स कशासाठीच प्रमाणित नाही, त्यावर या चॅनेलवर बोलणं नियमात बसत नाही. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, परीक्षा देऊन मिळणारं लायसन्स काढलंत तर हॅमच्या बँडवर खुशाल वापरा, पण मग समोरच्याकडेही हॅमचं लायसन्स पाहिजे, आणि शिकारीचे चारही दोस्त परीक्षेला बसलेले मी तरी पाहिले नाहीत. डिजिटल सेटचं म्हणाल तर आवाज स्वच्छ येतो पण रेंजच्या टोकाला एकदम तुटतो. साधा अ‍ॅनालॉग खरखरत का होईना "पाय मुरगळलाय" एवढं पोचवतो, म्हणून मी त्याच्याच बाजूचा.

गार्मिनचा रिनो हा वेगळाच प्रकार, जीपीएस आणि जीएमआरएस एकत्र, बोललात की तुमची जागा समोरच्या रिनोच्या नकाशावर दिसते. हाक्याच्या शिकारीत, जिथे हाकारे एका बाजूने येतात आणि बंदूकवाले दुसरीकडे उभे असतात, तिथे कोण कुठे आहे हे दिसणं म्हणजे जिवाचा प्रश्न आहे. महाग आहे, सगळ्यांकडे तोच असेल तरच उपयोग, पण हाका करणार असाल तर मी बाकीच्या खर्चाला कात्री लावून हा विचार करीन. आणि एकटे लांब जाणार असाल तर यातलं काहीच पुरेसं नाही, वॉकीटॉकीला ऐकणारा जवळ लागतो, तिथे इनरीचसारखं सॅटेलाइटचं यंत्रच पाहिजे, ते इरिडियमच्या उपग्रहांवरून मेसेज पाठवतं.

घेण्याआधी राज्याचा नियम मात्र वाचाच. मोंटानात रेडिओ, फोन वापरून एकमेकांना जनावर कुठंय ते सांगून शिकार करणं बेकायदेशीर आहे, बाकी राज्यांचे नियम आपापले, दरवर्षी नवीन पुस्तिकेत बघायचे. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट वगैरे मंडळींनी काढलेला, शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लबही, इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या मदतीने शिकाऱ्याला जनावरापर्यंत नेलेलं असेल तर ती शिकार नोंदीत धरत नाही. मला हे पटतं. सेट असावा तो भेटायची वेळ ठरवायला, कोण कुठल्या दिशेला आहे ते बंदूक उचलण्याआधी विचारायला, जखमी जनावराचा रक्ताचा माग काढताना दोघांची चुकामूक होऊ नये म्हणून. "डावीकडून येतोय, तयार रहा" यासाठी नाही.

युरोपात असाल तर निवड सोपी, पीएमआर ४४६, अर्धा वॅट, १६ चॅनेल, लायसन्स नाही, अँटेना बदलायची नाही. जोर कमी वाटेल पण वरचा क्षितिजाचा हिशोब आठवा. स्वीडनमध्ये शिकाऱ्यांसाठी १५५ मेगाहर्ट्झचा वेगळा बँड आहे, तिथे ५ वॅटपर्यंत चालतं, दाट रानाला हे मर्सपेक्षाही सरस. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झचा यूएचएफ सीबी, ८० चॅनेल, ५ वॅट, त्यातले ५ आणि ३५ आणीबाणीसाठी राखीव, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. अमेरिकेतला सेट उचलून या देशांत नेऊ नका, चॅनेल जुळत नाहीत आणि वापरणंही बेकायदेशीर.

घेतल्यावर खोकं फोडून थेट जंगलात जाऊ नका. जिथे बसणार त्या भागात सीझनच्या आधी एक चक्कर मारा, एकाने मचाणाच्या जागी थांबायचं, दुसऱ्याने ओढ्यात उतरायचं, बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. "थांब, मारू नको" मधला "थांब" खाल्ला गेला तर निदान "मारू नको" तरी पोचतं, पण "नको मारू" असं उलटं बोलायची सवय असेल तर बघा काय होईल ते.